कुठला म्हात्रे?

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हाही या विषयाला बगल देऊनच जोडते. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसाला सांगितलं की उद्या परत त्याचं तोंड बघावं लागतं — आणि मी माणसांची तोंडं फार बारकाईनं बघते. ती खोडच आहे मला. समोरचा हसला तर का हसला, गप्प बसला तर काय लपवतोय, हे डोक्यात आपोआप सुरू होतं. मला संशयी म्हणणारे पुष्कळ आहेत. ते काही खोटं बोलत नाहीत.

आधी मी काय काम करत होते ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

पनवेलला तळ्याजवळच्या एका जुन्या इमारतीत आमच्या पेपरचं ऑफिस होतं. पेपर काही मोठा नव्हे — पनवेल, उरण, फार तर पेणपर्यंत जाणारं आठ पानी दैनिक. त्याचं नाव सांगत नाही. मी तिथं कात्रणं सांभाळायचे. रोजचा अंक घ्यायचा, कात्रीनं बातम्या कापायच्या, कोऱ्या कागदावर चिकटवायच्या, तारीख टाकायची आणि पाकिटात घालायच्या. विषयांची पाकिटं वेगळी, गावांची वेगळी, माणसांची वेगळी. चार लोखंडी कपाटं भरली होती. कुणी पुढारी गेला की बातमीदार धावत माझ्याकडे यायचे, आणि मी बसल्या जागी सांगायचे — तिसरं कपाट, दुसरा खण, डावीकडे.

आता आमच्या भागातली एक गोष्ट. इथं आडनावं मोजकी आणि नावं त्याहून मोजकी. म्हात्रे, पाटील, घरत, ठाकूर — एका गावात एकाच नावाचे तिघे असले तरी कुणाला नवल वाटत नाही. म्हणून आमच्या ऑफिसात एक रीत पडली होती. कुणी बातमीत म्हात्रे म्हणाला की कुणीतरी मान वर करून विचारायचंच, 'कुठला म्हात्रे?' गाव सांगायचं, बापाचं नाव सांगायचं, जमलं तर आळी. ते कळल्याशिवाय बातमी पुढं जायची नाही. माझ्या पाकिटांवर नाव निळ्या शाईनं आणि गाव लाल शाईनं असायचं. पंचवीस वर्षांत एका माणसाचं कात्रण दुसऱ्याच्या पाकिटात गेलं नाही. याचा मला गर्व होता. अजून आहे, आणि तोच तर सगळ्याच्या मुळाशी आहे.

विमानतळ येणार, येणार असं आम्ही दर महिन्याला छापत होतो, त्या वर्षांतली ही गोष्ट. लोकांच्या हातात मोठ्या पडद्याचे फोन नुकतेच आले होते. मालकांनी ठरवलं, पेपर वेबसाइटवर टाकायचा. कुठल्याशा कंपनीकडून सॉफ्टवेअर आणलं. त्यात बातमी भरली की ती साइटवर जायची, हे एक. दुसरं म्हणजे ते बातमी स्वतः वाचायचं आणि तिला स्वतःच टॅग लावायचं. टॅग म्हणजे काय, तर माझ्या पाकिटांवरची नावंच की! गाव, विषय, माणूस. त्या टॅगवर बोट ठेवलं की त्या नावाच्या सगळ्या बातम्या एका पानावर हजर. अण्णा, आमचे संपादक, मला म्हणाले, 'सुधाताई, आता तुमचा त्रास वाचला.' त्रास वाचला! पंचवीस वर्षं ज्याला मी काम म्हणत होते त्याला हे त्रास म्हणत होते का? आणि त्रास वाचला की माणूस कशाला ठेवतील?

शिकवायला निलोफर आली. पनवेलचीच, मोहल्ल्यातली. वडील आखातात नोकरीला, घरी आई आणि ही. वय चोवीस-पंचवीस, डोक्यावर ओढणी, पाठीला सॅक, तोंडात सतत 'इझी आहे मॅडम'. तीन दिवसांत मी मॅडमची काकू झाले. ती शिकवायची चांगलं — हे आज म्हणतेय, तेव्हा जीभ रेटली नसती. लॉगिन कसं करायचं, जुन्या फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवला तर अक्षरांचा कचरा का होतो, ड्राफ्ट म्हणजे काय, पब्लिश कधी दाबायचं. मी पासवर्ड वहीत लिहून ठेवला तेव्हा ती हसली, आणि मी दोन दिवस विचार करत राहिले की ती का हसली. हिला माझ्यावर लक्ष ठेवायला पाठवलंय का? मी किती वेळात किती बातम्या भरते हे ते यंत्र मोजून वर कळवतं का? तिच्या नावामुळंही मी तिच्याशी अंतर ठेवून होते — तेही लिहून टाकते, इथं खोटं बोलून काय मिळवणार? ती डब्यातले घावन पुढं करायची, मी उपास सांगायचे. एका बाईला आठवड्यात किती उपास असावेत? तिनं कधी विचारलं नाही.

यंत्रानं लावलेले टॅग लगेच साइटवर जायचे नाहीत. रोज दुपारी माझ्या पडद्यावर एक पिवळी यादी यायची. एकेक टॅग बघायचा, बरोबर असला तर टिक करायची, चुकीचा असला तर काढायचा. आणि नाव एक पण माणसं दोन असली, तर त्यासाठी एक बटण होतं — 'वेगळी व्यक्ती'. ते दाबायचं आणि गाव लिहायचं. हे बटण मुळात नव्हतंच. मी निलोफरला आमच्या म्हात्रे-पाटलांची तऱ्हा सांगितली होती, ती तिनं लिहून घेतली आणि कंपनीला फोन करकरून ते बटण आमच्यापुरतं करून घेतलं. 'काकू, हे तुमच्यामुळं झालं,' असंही म्हणाली. तेव्हा मला ते बटण माहीत नव्हतं, कळलं नाही, चुकून राहिलं — यातलं काहीही मला म्हणता येणार नाही.

मी काय केलं, तर एक वही केली. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. तिच्यात यंत्राच्या चुका लिहायला लागले. चुका काय गमतीच्या असायच्या! भेंडखळ गावच्या बातमीला त्यानं 'भाजीपाला' टॅग लावला. वाघ नावाच्या तलाठ्याच्या बदलीला 'वन्यजीव'. दहीहंडीची बातमी 'पाककृती'त. ऑफिसात आम्ही पोट धरून हसायचो, निलोफरही हसायची आणि दुरुस्त करायची. 'शिकतंय ते काकू, लहान मुलासारखं आहे,' म्हणायची. पण मी हसता हसता वहीत तारीख घालत होते. ठरलं होतं की मालक एकदा मुंबईहून येणार, बैठक घेणार, आणि सॉफ्टवेअर कायमचं ठेवायचं का ते ठरवणार. त्या बैठकीत मी वही पुढं ठेवणार होते. आणि भेंडखळच्या भाजीनं काही होणार नाही हे मला कळत होतं. मला मोठी चूक हवी होती. रोज दुपारी मी ती पिवळी यादी डोळ्यांत तेल घालून बघायचे — चूक काढून टाकायला नाही, चूक सापडावी म्हणून.

आणि ती सापडली.

नाव बदलून सांगते. खरं नाव एकदा छापून झालंय तेवढं पुरे. कमलाकर म्हात्रे समजा. एक कमलाकर म्हात्रे विचुंब्याचा. खारघरच्या शाळेची मुलं व्हॅनमधून ने-आण करायचा. दहा वर्षांत एक अपघात नाही की एक मूल उशिरा नाही, म्हणून पालकांनीच त्याचा सत्कार केला होता. शाल, श्रीफळ, मागं पांढरी व्हॅन आणि भोवती दात पडलेली पोरं — असा फोटो आम्ही छापला होता. जुन्या कात्रणांबरोबर तोही साइटवर चढला. दुसरा कमलाकर म्हात्रे जासईकडचा, एका कंटेनर यार्डातला चौकीदार. त्याला दिवाळीच्या आधी अटक झाली. एका लहान मुलीशी घाणेरडं वागल्याबद्दल. बातमी चार ओळींची, फोटो नाही. आणि घाईत बातमीदारानं गावही घातलं नव्हतं. त्या दिवशी आमच्याकडे कुणी 'कुठला म्हात्रे?' विचारलं नाही. आता यंत्र आलंय, ते बघेल, असं हळूहळू सगळ्यांनाच वाटायला लागलं होतं.

यंत्रानं दोन्ही बातम्या एकाच नावाखाली घातल्या. मी त्या नावावर बोट ठेवून पान कसं दिसेल ते पाहिलं. वर मोठ्या अक्षरात नाव. नावाशेजारी फोटो — शाल-श्रीफळवाला, कारण तेवढा एकच फोटो होता. त्याखाली, नवी बातमी वर म्हणून, 'बालिकेशी गैरवर्तन, आरोपी अटकेत'. आणि त्याखाली, 'विद्यार्थ्यांच्या लाडक्या काकांचा सत्कार'.

मला कोण कुठला ते लगेच कळलं. कपाटाकडे जावंही लागलं नाही. बातमीदाराला फोन करून खात्रीही केली. बटण समोर होतं. मी ते दाबलं नाही. मी टिक केली. मग वही उघडली आणि तारीख, वेळ, दोन्ही गावं, सगळं नीट लिहिलं. अक्षर चांगलं आलं होतं. मला आनंद झाला होता — का लपवू? हुकमाचं पान हातात आल्यासारखं वाटलं. म्हटलं, दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे, मालक येतील, त्यांना दाखवीन आणि त्यांच्यासमोरच दुरुस्त करीन. दोन-चार दिवसांत कोण बघतंय ते पान?

मालक आले नाहीत. दिवाळीनंतर येणार होते, मग लग्नसराईनंतर, मग संक्रांतीनंतर. मी रोज सकाळी ऑफिसात आल्यावर आधी ते पान उघडायचे. आहे ना जागेवर? कुणी दुरुस्त तर केलं नाही? निलोफर माझ्या टेबलामागून गेली की मी पडदा बदलायचे. तिला कळलंय आणि ती गप्प आहे, असं मला अधूनमधून वाटायचं. तीही माझ्यासाठी एखादी वही भरत असेल का?

एवढं सांगून झालं की थांबावंसं वाटतं. हीच चूक होती, असं म्हणून मोकळं व्हावं. यंत्राचा राग, नोकरीची भीती, जरा उशीर झाला — कुणीही समजून घेईल. पण हे अर्धंच आहे. खरं पुढंच आहे, आणि त्यात यंत्र नाही, मी आहे.

माझी भाची मेधा खारघरला राहते, टॉवरमध्ये, नवव्या मजल्यावर. नवरा-बायको दोघं नोकरीला. तिचा मुलगा तेव्हा दुसरीत होता आणि तो कमलाकरच्या व्हॅननंच शाळेत जायचा. हे मला माहीत होतं का? व्हॅन आहे हे माहीत होतं, व्हॅनवाल्याचं नाव कधी विचारलं नव्हतं. जानेवारीतल्या एका दुपारी तिचा फोन आला. घाबरलेली होती. सोसायटीतल्या कुणीतरी सहज गंमत म्हणून व्हॅनवाल्या काकांचं नाव फोनवर शोधलं, आणि आमच्या पेपरचं पान निघालं. फोटोसकट. ते पान आता सगळ्यांच्या फोनवर फिरत होतं. मेधा म्हणाली, 'मावशी, तुमच्याच पेपरात आहे. तू सांग, खरं आहे का? हा तोच ना?'

एका शब्दाचं उत्तर होतं. नाही. हा तो नव्हे, हा विचुंब्याचा, तो जासईकडचा. एवढंच म्हणायचं होतं.

पण नाही म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच असता. मग तुमच्या साइटवर असं कसं? तुला माहीत होतं? कधीपासून? आणि माझ्या भाचीच्या लेखी मी हुशार मावशी होते, पेपरातली मावशी, जिला सगळं आधी कळतं. ती माझ्या उत्तराची वाट बघतेय, हे मला फोनवरही कळत होतं. मी म्हणाले, 'आता पेपरात आलंय म्हणजे... जपलेलं बरं बाई.'

असं म्हणाले. नेमकं हेच, शब्द न शब्द. यात खोटं काय आहे, असं मी नंतर कितीदा तरी स्वतःला विचारून पाहिलं. एकही शब्द खोटा नाही. म्हणूनच तर मी ते शब्द निवडले ना?

संध्याकाळी मेधानं पालकांच्या बैठकीत सांगितलं की पेपरातल्या एका बाईंकडून खात्री करून घेतली आहे. दुसऱ्या दिवशी व्हॅनमध्ये चार मुलं होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी एकही नव्हतं. हे मला मेधानंच सांगितलं, सुटल्यासारख्या आवाजात. 'थँक्यू मावशी,' म्हणाली. मी म्हटलं, अगं त्यात काय.

आठवड्यानं तो ऑफिसात आला. पन्नाशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, पायांत चपला, हातात सायबर कॅफेतून काढलेला कागद चौघडी करून. जिना चढून आला म्हणून दम लागला होता, की रडून आला होता, कुणास ठाऊक. माझं टेबल दाराशी, म्हणून माझ्यासमोरच कागद उलगडला.

'ताय, यो फोटू माजा हाय,' तो म्हणाला. 'पन यो मानूस मी नाय.'

तो ओरडला असता, टेबलावर हात आपटला असता, तर मला सोपं गेलं असतं. ओरडणाऱ्या माणसाबद्दल काहीतरी संशय घेता येतो. तो नुसता बोट ठेवून उभा होता, आधी फोटोवर, मग मथळ्यावर. 'आमची पोरं मना काका बोलतात,' म्हणाला. 'काल एक पोरगी आयच्या मागं लपली.'

निलोफर धावत आली. कागद पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. तिनं मशीन उघडलं, दोन मिनिटांत पान वेगळं केलं, त्याचा फोटो हलवला, मग त्याला दाखवलं. आणि मग तिनं आणखी एक पडदा उघडला — कुणी, केव्हा, काय मान्य केलं याची नोंद. मी मागं उभी होते. माझं नाव तिथं होतं, तारखेसकट, वेळेसकट. तिनं ते वाचलं. वळून माझ्याकडे पाहिलं. मी मघाशीच सांगितलं, मी तोंडं बारकाईनं बघते. तिच्या तोंडावर राग नव्हता. काकूंना बटण कळलं नसेल, बिचाऱ्या घाबरल्या असतील — असं काहीतरी होतं. तिनं तो पडदा बंद केला, आणि अण्णा आले तेव्हा म्हणाली, 'सर, सिस्टिमची चूक आहे. मी चेक करायला हवं होतं. सॉरी.' मग त्या माणसाकडे वळून, 'चाचा, माफ करा.'

मी काय केलं? पाणी आणून दिलं त्याला.

दुसऱ्या दिवशीच्या अंकात खुलासा छापला. तो मी लिहिला. 'संगणक प्रणालीतील तांत्रिक दोषामुळे' अशी त्याची सुरुवात होती. अण्णांनी माझं कौतुक केलं, नेमका लिहिलाय म्हणून. मालक शेवटी आले, मी वही पुढं ठेवली, त्यात त्या पानावर खाडाखोड करून तारीख पुढची घातली होती, चूक मला नंतरच कळली असं दिसावं म्हणून. आपोआप टॅग लावणं बंद झालं. टॅग हातानं लावायचे ठरलं, आणि ते काम मला मिळालं. निलोफरला पुढच्या महिन्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. जाताना माझ्या पाया पडली. त्यातही मी शोधत होते की ही टोमणा तर मारत नाही ना. आता वाटतं, नव्हती मारत.

खुलासा आला त्या दिवशी मेधाचा फोन आला. 'मावशी, तो दुसराच म्हात्रे होता म्हणे? मग आम्ही काकांना परत बोलवायचं का? सगळे मला विचारतायत.'

हे मला लिहिता येईल की नाही, असं वाटत होतं. लिहिते.

मी म्हणाले, 'अगं, असं छापावं लागतं. कायद्याचं असतं ते.'

का म्हणाले? तिला मागच्या वेळी चुकीचं सांगितलं हे कळू नये म्हणून. फक्त तेवढ्यासाठी. नोकरीला त्यानं धोका नव्हता, दोष यंत्रावर गेला होता, कुणाला माझा संशयही नव्हता. एका पारड्यात त्याची रोजीरोटी होती, आणि दुसऱ्यात एवढंच, की भाचीसमोर मला खाली बघावं लागू नये. मेधा म्हणाली, 'असं का. बरं झालं विचारलं.'

तो पुन्हा आला, महिन्याभरानं. खुलाशाचं कात्रण त्यानं प्लॅस्टिकमध्ये घालून घेतलं होतं आणि ते शर्टाच्या खिशात असायचं. म्हणाला, दारोदार दाखवलं, लोक चहा देतात, गोड बोलतात, पण पोरं देत नाहीत. सोसायटीत कुणी तरी म्हणतं, पेपरातल्या बाईनं आतली गोष्ट सांगितलीय. मग माझ्याकडे वाकून, अगदी हळू आवाजात म्हणाला, 'ती बाय कोन, तुमाला म्हाईत असंल. तिनं एक फोन केला का झालं. मी तिला काय बोलनार नाय. कशाला बोलू? तिची पन समजूत झाली असंल.'

मी म्हटलं, मला कल्पना नाही.

तो थोडा घुटमळला. मग विचारलं, 'ती पोरगी तं नसंल? कंप्युटरवाली?'

आणि मी मान हलवली नाही. हो म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही. कात्री उचलली आणि त्या दिवशीचा अंक कापायला घेतला. त्याला जे समजायचं ते त्यानं समजून घेतलं. जाताना मला नमस्कार केला. खुलासा मीच लिहिला हे त्याला अण्णांनी सांगितलं होतं, आणि त्याचे त्याला उपकार वाटत होते.

त्याच उन्हाळ्यात त्यानं व्हॅन विकली. पुढं त्याला कुठं रेतीच्या गाडीवर काम मिळालं असं ऐकलं. मुलांची गाडी पुन्हा कुणी दिली नाही. आठ-नऊ वर्षांनी तो वारला. बातमी माझ्याच टेबलावर आली, दोन ओळींची. मी गाव घातलं, बापाचं नाव घातलं, काळजीपूर्वक टॅग लावला.

मेधा अजून खारघरलाच राहते. मुलगा कॉलेजात आहे. दर रविवारी सकाळी मी तिला फोन करते आणि आम्ही अर्धा-पाऊण तास बोलतो — तब्येत, बाजार, त्याचा अभ्यास, कुणाचं लग्न ठरलं. ती अजूनही अधूनमधून कुणाला तरी सांगते, की माझ्या मावशीमुळं आम्ही त्या वेळी वाचलो. मी ऐकते, आणि पुढचं काहीतरी विचारते.